तेराव्या महिन्यात वजन किती?

‘दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न 2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी होता. ऑफिसात डबे उघडले की तोच विषय, लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारणाऱ्याला तोच प्रश्न. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभी असलेली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचा सल्ला, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचं आणि आपल्या मातीतलं खा. दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी उलटे, आणि दोन्हीकडे वजन उतरलेली खरीखुरी माणसं.

दोन उलट उपायांनी एकच गुण येत असेल, तर तो गुण दोघांत सामाईक असलेल्या तिसऱ्याच गोष्टीचा असणार. ती गोष्ट कुठली, हे एका साध्या दिवसाचा हिशोब मांडला की दिसतं. सकाळचा आणि चारचा असे दोन कप चहा धरा. कपात म्हशीचं 50 मिली दूध आणि दोन लहान चमचे साखर असेल, तर एका कपाचे 85 कॅलरी, दोन कपांचे 170. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं, 90. संध्याकाळी मूठभर फरसाण, म्हणजे 40 ग्रॅम, 220. बेरीज 480. दोनदाच जेवायचं ठरवलं की मधलं हे सगळं एका फटक्यात बंद होतं. महिन्याला 14,400 कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणजे जेवणाला हात न लावता पावणेदोन-दोन किलो गेले. दर दोन तासांनी खाणाऱ्याचंही तसंच. मधल्या वेळेला फरसाणाऐवजी फळ किंवा फुटाणे आले, रात्री नऊला भुकेने जीव कासावीस होऊन चार पोळ्या खायची वेळ राहिली नाही, आणि दिवसाची बेरीज तिथेही उतरली.

इन्सुलिनचं स्पष्टीकरण इथे फार ऐकू येतं. प्रत्येक खाण्याला इन्सुलिन पाझरतं, इन्सुलिन चरबी साठवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं त्यातून आपोआप निघत नाही, कारण दोन मोठ्या जेवणांनंतर इन्सुलिनची उसळीही मोठी असते. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी 17 पुरुषांना बंदिस्त वॉर्डात ठेवून, कॅलरी तेवढ्याच ठेवत, त्यांना चार आठवडे केटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि चरबी भरपूर असलेला आहार दिला. इन्सुलिन चांगलंच खाली आलं, पण चरबी झपाट्याने वितळायला लागली नाही. दर दोन तासांनी खाल्लं की ‘मेटाबॉलिझम पेटता राहतो’ हा समजही असाच. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, मग ते अन्न दोन हप्त्यांत येवो की सहा.

केटो, लो-फॅट, सोळा तास उपास, यांना एकमेकांसमोर उभं करून मोठे अभ्यास झाले आहेत. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 लोकांना दोन गटांत वाटलं, एकाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार. निकाल 2018 साली आले. वर्षभराने पहिल्या गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं 6.0. हा फरक धरण्याजोगा नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रत्येक गटात वीस-पंचवीस किलो उतरवलेली माणसं होती आणि वजन वाढलेलीही होती. म्हणजे एका आहाराच्या आतला फरक दोन आहारांमधल्या फरकाच्या कित्येक पट होता. चीनमध्ये 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला. सगळ्यांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या, अर्ध्यांनी त्याशिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्लं. वेळ पाळणाऱ्यांचं 8.0 किलो उतरलं, बाकीच्यांचं 6.3. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक टिकला नाही. त्याआधी 2005 मध्ये अ‍ॅटकिन्स, ऑर्निश, झोन आणि वेट वॉचर्स हे चार आहार 160 लोकांवर ताडून पाहिले होते. कोणी कुठला आहार घेतला यावरून वजनाचा अंदाज बांधता येत नव्हता, कोणी किती निष्ठेने पाळला यावरून येत होता.

तेव्हा ‘डाएटने वजन उतरतं का?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ हो आहे. जवळपास प्रत्येक डाएटने उतरतं, पाळलं तेवढे दिवस. विचारायला हवं ते पुढचं. तेराव्या महिन्यात ते वजन कुठे असतं?

पहिल्या आठवड्याचं उतरणं तर बव्हंशी पाण्याचं असतं. यकृत आणि स्नायूंत मिळून 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी-भाकरी एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. ‘आठवड्यात दोन किलो’ या जाहिरातीत खोटं काही नसतं, फक्त ती चरबी नसते. दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की ते पाणी परत येतं आणि माणूस हबकतो, ‘एका लग्नाला गेलो आणि सगळं वाया गेलं’. वाया काही गेलेलं नसतं. पण त्या धक्क्यानेच कित्येक जण तिथे सोडून देतात.

खरी अडचण पुढे येते, आणि तिच्याबद्दल डाएट विकणारे बोलत नाहीत. वजन एक किलो उतरलं की शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र रोज सुमारे 100 कॅलरींनी वाढते. आठ किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर रोज 200 कॅलरी कमी जाळत असतं आणि 800 जास्त मागत असतं. ऑस्ट्रेलियात 50 जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींवर ठेवलं आणि वर्षभराने त्यांची भुकेची संप्रेरकं तपासली. भूक वाढवणारं घ्रेलिन अजून चढलेलंच होतं, भूक शमवणारं लेप्टिन अजून उतरलेलंच. अशा वेळी नवव्या महिन्यात जो माणूस रात्री अकराला फ्रिज उघडतो, त्याला ‘मनाचा हिय्या नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं शरीर ठरलेलं काम करतंय. एखादी पद्धत तीन महिने चालते आणि बाराव्या महिन्यात मोडते, तेव्हा दोष पद्धतीत शोधावा. आपल्याकडे तो नेहमी पाळणाऱ्याच्या, विशेषतः पाळणारीच्या, माथी मारला जातो. शिवाय घरात सगळ्यांचा स्वयंपाक करून स्वतःचं डाएटचं वेगळं शिजवणारी आणि शेवटी जेवताना उरलंसुरलं संपवणारी बहुधा तीच असते.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक गुंता आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. त्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआय 25 ऐवजी 23 पासूनच वजन जास्त मानतात आणि कंबर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात. झटपट डाएटमध्ये उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. प्रथिनं कमी आणि व्यायाम नाही, तर त्याहून जास्त. वजन परत येतं ते मुख्यतः चरबीच्या रूपात. आधीच स्नायूंची तूट असलेल्या माणसाने असे तीन-चार फेरे केले, तर काटा पुन्हा जुन्याच आकड्यावर येतो, पण त्या आकड्याच्या आतला माणूस पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत असतो.

जीएम डाएट याचं ढळढळीत उदाहरण आहे. जनरल मोटर्सच्या कर्मचाऱ्यांसाठी तो बनवला ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, त्याला पुरावा नाही. पहिला दिवस नुसती फळं, दुसरा नुसत्या भाज्या, चौथ्या दिवशी आठ केळी आणि तीन ग्लास दूध. चौथ्या दिवसाचं गणित केलं तर साधारण 1,100 कॅलरी आणि 27-28 ग्रॅम प्रथिनं, पहिल्या दोन दिवशी तर प्रथिनं नावालाच. सातव्या दिवशी काटा खाली दिसतो, त्यात पाणी किती आणि स्नायू किती हे काटा सांगत नाही.

केटोबद्दल आदराने बोलायला हवं, कारण तो आहार 1921 मध्ये अपस्मारासाठी आला आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना आजही त्याचा उपयोग होतो. वजनासाठी मात्र मराठी घरात तो टिकणं कठीण. दिवसाला कर्बोदकं 20 ते 50 ग्रॅम एवढीच चालतात आणि एका मध्यम भाकरीतच 40 च्या वर जातात. म्हणजे भाकरी, भात, पोहे, वरण, केळं सगळं बाद. उरतं पनीर, लोणी, अंडी, मटण आणि महागडं बदामाचं पीठ. गणपतीत उकडीचा मोदक नाही, दिवाळीत फराळ नाही, असं एक वर्ष निभतं. दुसरं क्वचित निभतं.

मग आपल्या ताटात करायचं काय? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या एकूण ऊर्जेपैकी 62 टक्के कर्बोदकांतून येते असं दिसलं, तीही मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांतून. ही खरी जागा आहे आणि इथेच सगळ्यांत कमी बोललं जातं. शाकाहारी मराठी ताटाची प्रथिनं मोजू. चार पोळ्यांची 13 ग्रॅम, दोन वाट्या आमटीची (प्रत्येकी 25 ग्रॅम कोरडी तूरडाळ) 11, दोन वाट्या भाताची 6, भाजी, वाटीभर दही आणि चहातलं दूध मिळून 11. एकूण 41. सत्तर किलोच्या माणसाची किमान गरज 58 आहे, आणि वजन उतरवताना स्नायू राखायचे तर 70 च्या पुढे जायला हवं. ही तूट भरून काढणं अवघड नाही. आमटी पातळ करायची सोडून डाळ दीडपट घाला. दिवसाला 50 ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग मोड आणून उसळ केली की 12 ग्रॅम आले. दोन अंड्यांचे 12, शंभर ग्रॅम बांगड्याचे किंवा पनीरचे 18-19, तीस ग्रॅम सोया वडीचे 15. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

भाकरीविषयी एक गैरसमज जाता जाता सांगायला हवा. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, शंभर ग्रॅमला सगळ्यांच्या कॅलरी 340-350 च्या आसपासच. भाकरीत तंतू जास्त, ती पोटात टिकते, हा तिचा गुण आहेच. पण फुलक्याला 25-30 ग्रॅम पीठ लागतं, भाकरीला 60 ते 80. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणाऱ्याने धान्य कमी केलेलं नसतं, दुपटीवर नेलेलं असतं. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप एवढ्या खिचडीचे 500 च्या वर कॅलरी होतात, आणि प्रथिनं दहाही नाहीत. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे जुन्या लोकांना डाएटचं पुस्तक न वाचता कळलं होतं.

आणि तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी फक्त तेलाच्या. तो डबा तीन लिटरवर आणला तर माणशी रोज 135 कॅलरी कमी होतात, कोणाच्याही पानातला एकही पदार्थ न काढता. घरातल्या घरात हे करून पाहण्यासारखं आहे. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा आणि बरणीवर आठवड्यांच्या चार खुणा करा. फोडणीला पळीने ओतू नका, पाच मिलीच्या लहान चमच्याने मोजा, चार माणसांच्या भाजीला तीन चमचे. कमी तेलात भाजी खाली लागते आणि मग सगळे पुन्हा पळीकडे वळतात, म्हणून तिथली युक्ती महत्त्वाची. जाड बुडाची कढई घ्या, कांद्यावर सुरुवातीलाच चिमूटभर मीठ टाका म्हणजे त्याला पाणी सुटतं, आणि झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढा. आपल्या आज्या पडवळ, दोडकं असंच करत होत्या. पहिले दोन आठवडे चव उणी वाटते, मग जिभेला सवय होते. खुणेच्या आधी तेल संपलं तर त्या आठवड्यात काय तळलं ते आठवून पाहा, उत्तर तिथेच असतं.

इतक्या साध्या बदलाने महिन्याला पाच किलो उतरणार नाहीत. अर्धा-एक किलो उतरेल, मग थांबेल, मग पुन्हा थोडं उतरेल. रोज काट्यावर उभं राहू नका, दिवसागणिक एक-दीड किलोचा हेलकावा मीठ आणि पाण्याचाच असतो, बायकांना पाळीच्या आधी तर नक्कीच. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि महिन्यातून एकदा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून कंबर मोजा. ज्याला दोनदा जेवणं मानवतं त्याने दोनदाच जेवावं, ती पद्धत फुकट आहे, घरचंच अन्न खायला सांगते आणि सोबत रोज 45 मिनिटं चालायला लावते, हे तिचे मोठे गुण आहेत. माझा आक्षेप ‘सगळ्यांना एकच’ या भाषेला आहे.

कारण काही जणांना तीच गोष्ट थेट दवाखान्यात नेते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण गाळलं की साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात कापतात, कधी शुद्ध हरपते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्याने केटो धरला तर त्याहून फसवा प्रकार होतो. रक्तात कीटोन आम्लं साचतात, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते, पण ग्लुकोमीटरवर साखर 180 दिसते. त्यामुळे घरचे ‘पित्त झालंय’ समजून दोन दिवस काढतात. वजन आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर उठताना चक्कर येते. गोळ्यांचा डोस डाएट सुरू करण्याच्या आधी ठरवायचा असतो, चक्कर आल्यावर नाही. दुधीचा रस पिणाऱ्यांनी पहिला घोट कडू लागताच पेला ओतून द्यावा. कडू दुधीतल्या विषाने माणसं दगावली आहेत आणि त्यावर आयसीएमआरला समिती नेमावी लागली होती. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, यांना यातलं काहीही लागू करू नये.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक आहाराला जागा आहे, हेही सांगितलं पाहिजे. ब्रिटनमध्ये मधुमेह होऊन सहा वर्षं व्हायच्या आतल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज 850 च्या आसपास कॅलरी दिल्या आणि सुरुवातीलाच मधुमेहाची औषधं थांबवली. वर्षाने 46 टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती, दोन वर्षांनी 36 टक्के. हे आकडे विश्वासार्ह वाटतात, कारण उतरता आकडाही त्यांनी छापला. शंभरातले किती टिकले, किती गळाले, हे लोकांसमोर ठेवलं.

आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो दिसतात, पण किती जणांतून ते एक निवडलं हे कळत नाही. कायदा आहे, पण त्याला भोक आहे. जादूटोण्याच्या उपायांच्या आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यात ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणाही आहे. परंतु त्यातली ‘औषधा’ची एक व्याख्या ‘अन्न वगळता कोणतीही वस्तू’ अशी आहे. वजन उतरवणाऱ्या शेकची पावडर अन्न म्हणून विकली की ती त्यातून निसटते. तिच्या डब्यावरच्या दाव्यांना एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम लागतात, पण ‘नव्वद दिवसांचं चॅलेंज’ हे डबाही नाही आणि औषधही नाही, ती सेवा आहे. तिच्यासाठी उरतो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, आणि तिथे दिशाभूल सिद्ध करायला आकडे लागतात, जे फक्त विकणाऱ्याकडे असतात.

म्हणून मागणी एकच आणि अगदी छोटी आहे. पैसे घेऊन वजन उतरवून देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, आहारतज्ज्ञ, जिम किंवा मोबाइल अ‍ॅप, जाहिरातीच्या त्याच पानावर चार आकडे छापावेत. वर्षापूर्वी किती जणांनी नाव नोंदवलं, त्यांपैकी किती जण आज संपर्कात आहेत, नोंदणीच्या दिवशी त्यांचं सरासरी वजन किती होतं, आणि बारा महिने उलटल्यावर किती आहे. मध्येच सोडून गेलेल्यांचं वजन उतरलं नाही असं धरूनच सरासरी काढावी. हे चार आकडे छापायला राज्याच्या आरोग्य खात्याचा एक आदेश पुरेल का, की केंद्राच्या नियमात दुरुस्ती लागेल, हे कायदेतज्ज्ञांनी सांगावं. नाव नोंदवणाऱ्याला मात्र कुठल्याही आदेशाची वाट पाहायची गरज नाही. फी भरण्याआधी, काउंटरवर उभं राहून, तो हे चारही आकडे आजच मागू शकतो.